मधल्या स्पीकरचा वाटा

नांदे गावात हैबतरावांच्या घरची वाटणी झाली त्या दिवशी पंच म्हणून कुशाबा बसला होता. कुशाबाचं एकच म्हणणं, वाटणी अशी करायची की मागनं कुणी बोट दाखवायला नको. त्यामुळं इंद्रायणी तांदळाची पोती मापून झाली, पितळेची भांडी जोडीजोडीनं झाली, म्हशी झाल्या, आणि मग सगळे येऊन थांबले ते होम थिएटरपाशी. हैबतरावांनी पहिलं वावर विकलं तेव्हा हौसेनं पुण्याहून आणलेलं ते. डिस्क घालायचं मशीन, आवाजाचा एक मोठा खोका आणि त्याला जोडायचे पाच स्पीकर. हैबतराव जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ते थोरल्या बहिरूलाही पाहिजे होतं आणि धाकट्या निरंजनलाही.

कुशाबानं तंबाखू मळता मळता विचार केला. मोठा टीव्ही बहिरूला दिला. मशीन आणि खोका निरंजनला. स्पीकर दोघांना दोन-दोन. वायरींचं भेंडोळं होतं तेही सोडवून वाटलं, लाल-पांढरी बहिरूला, पिवळी आणि एक बारीक काळी निरंजनला. शेवटी एक स्पीकर उरला. बाकीचे चार उभे, हा मात्र लांबट आणि आडवा, पाटासारखा. कुशाबा म्हणाला, हा आईचा वाटा.

गोजराबाईनं पदर पुढं करून तो घेतला. पंचांनी दिलेलं नको कसं म्हणायचं.

तशी ती स्वतःही वाटून झालीच होती. एक महिना खाली बहिरूकडं जेवायचं, एक महिना वर निरंजनकडं. झोपायला मागची खोली, तिथं तिची वळकटी आणि देव. बहिरूनं आपल्या वाट्याचे स्पीकर ट्रॅक्टरच्या दोन्ही मडगार्डांवर बसवले, निरंजननं नवा टीव्ही घेऊन आपले त्याच्या दोन बाजूंना ठेवले. गोजराबाईनं आपला स्पीकर पुसला, खण अंथरला आणि त्यावर देव मांडले. उंचीला बरोबर बसला. रोज सकाळी देवांना तिथल्या तिथं आंघोळ, हळदीकुंकू, फूल. हैबतरावांची वस्तू देवाच्या कामाला आली याचं तिला बरं वाटायचं.

गोजराबाई कासार आंबोलीची. दुसरीत होती तेव्हा शाळेचं छप्पर वाऱ्यानं उडालं, आणि ते परत घालेपर्यंत तिचं लग्न होऊन ती नांद्याला आली. तेरावं वर्ष होतं. घरात सासू, चुलतसासू, दोन जावा. तिथं तिला एक गोष्ट लवकर कळली. आपल्याला काही पाहिजे असेल तर ते आपल्या नावानं मागायचं नाही. ‘ह्यांनी सांगितलंय’ म्हणून सांगायचं. म्हशीला सरकी घालायची ह्यांनी सांगितलंय. निरंजनला पिरंगुटच्या मोठ्या शाळेत घालायचं ह्यांनी सांगितलंय. हैबतरावांना त्यातलं अर्धंअधिक घरात आल्यावरच कळायचं. पण माणूस समंजस. बायकोकडं एकदा बघायचे आणि म्हणायचे, व्हय, मीच बोललो. अशी पंचेचाळीस वर्षं निघाली, आणि कुणाचं काही अडलं नाही.

आता मात्र अडलं होतं. शिवाराला चारी बाजूंनी इमारती येत होत्या. वरची वावरं गेली, ओढ्याकाठचं गेलं. राहिले ते विहिरीजवळचे अकरा गुंठे. विहीर दुष्काळाच्या सालातली. हैबतराव पहारीनं खडक फोडायचे आणि गोजराबाई पाटीत दगड भरून डोक्यावरून वर आणायची, बहिरू सात महिन्यांचा पोटात असताना. पावसाळ्यात तिथं भात, पुढं मेथी, कोथिंबीर, घेवडा. हिंजवडीला कामाला जाणारी बिऱ्हाडं गावात राहायला आली तशी तिची भाजी जागेवरच खपायला लागली. त्या बिऱ्हाडांतल्या पोरींना ती प्रत्येक वेळी एक जुडी वरनं द्यायची, आणि वर सांगायची, फ्रिजात कोंबू नका, आजची आज खा.

बिल्डरला त्या अकरा गुंठ्यांत सोसायटीचं गेट काढायचं होतं. बहिरूला त्या व्यवहारात रस्त्याकडेची जागा मिळणार होती, तिथं त्याला खोल्या बांधायच्या होत्या. शेती आता करायला माणूस मिळत नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. निरंजन थोरला म्हणेल तिकडं होता. शुक्रवारी पौडला नोंदणी ठरली होती. सातबाऱ्यावर दोघांबरोबर गोजराबाईचंही नाव लागलेलं, त्यामुळं तिचा अंगठा लागणार होता.

बहिरूनं ही गोष्ट शनिवारी जेवताना सांगितली. गोजराबाईनं भाकरी मोडायची थांबवली आणि सवयीनं म्हणाली, “त्ये वावर इकायचं न्हाई. ह्यांनी सांगितलंय.”

“कवा?”

वास्तुशांतीला, असं ती म्हणाली. हे स्लॅबचं घर बांधलं तेव्हा मांडवात, सगळ्यांच्या देखत. फोटोवाल्यानं हातात माईक दिला तेव्हा.

बहिरू म्हणाला, मी तितंच होतो, मला न्हाई ऐकू आलं. निरंजन त्या वेळी जनरेटरपाशी होता. गौतमी, निरंजनची बायको, तेव्हा घरात आलीच नव्हती. आणि खरं सांगायचं तर गोजराबाईही मांडवात नव्हती. मांडवामागं चुलवणापाशी पोळ्यांवर लक्ष ठेवून होती. कर्ण्यातून हैबतरावांचा आवाज येत होता. विहिरीचं वावर म्हणाले, गोजरा म्हणाले, एवढं तिनं कानांनी ऐकलं होतं. चारचौघांत नवऱ्यानं नाव घेतलं म्हणून आजूबाजूच्या बायका हसल्या होत्या, तेही आठवत होतं. पण चार वर्षं ती वाक्य मनात बोलत आली होती ते पुरं, विकायचं नाही इथपर्यंत.

तिलाच सुचलं, डिस्क हाय की.

डिस्क होती. पिरंगुटच्या फोटोवाल्यानं केलेली, वर गणपतीचं चित्र. नवी आली तेव्हा घर भरून माणसं बघायला बसली होती, पण जो तो आपलं तोंड शोधत होता. हैबतरावांचं भाषण लागलं की कुणीतरी रिमोट दाबायचं. हैबतराव स्वतःच हसून म्हणायचे, ढकला पुढं, म्हाताऱ्याचं काय बघायचं. त्यामुळं ते भाषण कुणी कधी ऐकलंच नाही.

रविवारी सकाळी निरंजनच्या माडीवर सगळे बसले. गोजराबाई नवं लुगडं नेसून आली होती. निरंजननं डिस्क घातली. सनई वाजायला लागली. होम झाला, बायका आल्या, पंगत बसली. ‘भात घ्या, भात’ असं वाढप्याचं ओरडणं खोलीत घुमत होतं, कुणाचं तरी पोर रडत होतं. मग हैबतराव उभे राहिले. केशरी फेटा, एका हातात माईक, दुसरा हात पाठीमागं.

त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज आला नाही.

वाढप्याचं ऐकू येत होतं. पोराचं रडणं ऐकू येत होतं. लांब कुठं कुत्रं भुंकलं तेही आलं. हैबतराव मात्र नुसते तोंड हलवत होते. निरंजननं मागं नेऊन परत लावलं, आवाज वाढवला. वाढपी अंगावर आल्यासारखा ओरडला. हैबतराव तसेच. शेवटी त्यांनी हात जोडले आणि खाली बसले.

बहिरू उठला. टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नव्हता. थकल्यासारखा म्हणाला, “आबाच बोलत न्हाईत आये, तर मी कुणाचं ऐकू?”

तो जिना उतरून गेला. गौतमीनं चहा पुढं केला, तो गोजराबाईनं तसाच ठेवला.

त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. महिना बहिरूकडचा होता, ताटावर बसायची आणि उठायची. माणूस मुका कसा होईल. बाकी सगळी दुनिया बोलतेय आणि हाच तेवढा गप्प. तिच्या मनानं घेतलं, हे रुसले. शेवटच्या दिवशी त्यांनी गुळाचा चहा मागितला होता. डॉक्टरांनी साखरेचं बंद केलं होतं म्हणून तिनं दिला नाही. उद्या देते म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी द्यायला माणूसच उरला नाही. त्याचा राग धरला असेल. सोमवारी तिनं गुळाचा चहा करून फोटोपुढं ठेवला. निवून वर साय धरली, तेव्हा तिचं तिलाच हसू आलं आणि मग रडू आलं.

याहून वाईट विचार आला तो मंगळवारी पहाटे, मेथीला पाणी देताना. ते तसं बोललेच नसतील तर. जन्मभर ‘ह्यांनी सांगितलंय’ म्हणत आपण जे मनात येईल ते त्यांच्या तोंडी घातलं, तसंच हेही घातलं असेल तर. पंचेचाळीस वर्षांत त्यांचं कुठलं आणि आपलं कुठलं, ते आता कोण सांगणार. पाणी वाफा फोडून पुढं गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

उजाडल्यावर डिस्क घेऊन ती टमटममध्ये बसून पिरंगुटला गेली. फोटोवाल्याचं दुकान आता अर्धं पासपोर्टच्या फोटोंचं आणि अर्धं मोबाइलच्या रिचार्जचं होतं. लाइट गेलेली, त्यामुळं तो पुठ्ठ्यानं वारा घेत बसला होता. डिस्क लावून दाखवता येत नाही म्हणाला, पण ओळखली. आवाज आहे, जाणार कुठं, म्हणाला. तेव्हा तो हे काम पुण्यात नुकतंच शिकून आला होता आणि तुमच्या घरी पाच स्पीकर आहेत म्हणून खास पाचाचा आवाज केला होता. सनई आणि पंगत चारी बाजूंना घातली आणि माईकवरचं बोलणं सगळं मधल्या स्पीकरला दिलं. मशीनचं सेटिंगही त्यानंच येऊन लावून दिलं होतं, पाची स्पीकर वाजावेत म्हणून. मग त्यानं विचारलं, “मधला लावलाय ना, आजी?”

गोजराबाईनं मान हलवली. मधला म्हणजे काय हे तिला कळलं नव्हतं, पण परक्या दुकानात किती विचारायचं. परतीच्या वाटेवर तो एक शब्द ती मनात घोकत आली, विसरू नये म्हणून.

घराच्या मागच्या बाजूला तीन खोल्या भाड्यानं दिल्या होत्या. त्यातल्या एकीत शैलेश राहायचा, मेहकरकडचा पोरगा, हिंजवडीला रात्रपाळीला कामाला. दिवसा झोपायचा म्हणून गोजराबाई त्याच्या दाराशी कोंबड्यासुद्धा फिरकू द्यायची नाही. बुधवारी दुपारी त्याचा टॉवेल दोरीवर दिसला तशी ती मेथीची जुडी घेऊन दारात उभी राहिली आणि सगळं सांगितलं. वावराचं, डिस्कचं, फोटोवाल्यानं विचारलेल्या ‘मधल्या’चं, चहाचंसुद्धा.

शैलेशनं डोळे चोळत ऐकलं. म्हणाला, डिस्क माझ्याकडं द्या, कंपनीतल्या कंप्युटरवर लावतो, पाच मिनिटांचं काम.

ती नको म्हणाली. “कंप्युटरात काय बी करता येतं म्हणं. बहिरू म्हणंल, त्या पोरानं आवाज घातला. ज्या मशीनवर ह्ये मुके झाले त्याच मशीनवर बोलले पायजेत. आन बहिरूच्या म्होरं.”

उद्या गुरुवार, म्हणजे दिवसभर वीज नाही. परवा नोंदणी. जे काय करायचं ते आजच. गौतमीनं निरोप धाडला, संध्याकाळी बहिरू ट्रॅक्टर दारात लावून चिखलाच्या पायांनी वर आला आणि उंबऱ्याजवळच उभा राहिला. निरंजन कंपनीतून नुकताच आला होता. बहिरू म्हणाला, माझ्यापाशी पाच मिनिटं हायेत.

शैलेश टीव्हीमागं वाकला, वायरी बघितल्या, डिस्क लावून हैबतरावांना तसंच मुकं बघितलं, आणि विचारलं, मधला स्पीकर कुठाय. निरंजन म्हणाला, दोनच हायेत. बाकीचे दोन बहिरूभाऊच्या ट्रॅक्टरवर. शैलेशला ते पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, ते चार झाले. पाचवा असतो, आडवा, टीव्हीखाली ठेवायचा. माणसांचं बोलणं त्याच्यातून येतं.

गौतमी हळूच म्हणाली, “आत्याबाईंच्या वाट्याला आलाय तो. देवाखाली हाय.”

सगळ्यांनी गोजराबाईकडं बघितलं. ती उठली आणि खाली गेली. देव एकेक करून ताटात ठेवले, खंडोबाच्या टाकाला हात लावताना पुटपुटली, जरा दम धरा, आत्ता आणते. खण काढला. स्पीकरच्या काळ्या कापडावर हळदीचे आणि कुंकवाचे गोल उठले होते, एका कोपऱ्यात पांढरी बुरशी. तो स्पीकर तिनं पहिल्या दिवशी घेतला होता तसाच पदरात धरून वर आणला.

शैलेशनं वायर जोडली. हैबतराव परत उभे राहिले. स्पीकरमधून ओल्या पानावर पाय पडावा तशी खरखर आली, मग तीही थांबली. त्यानं मागचं झाकण उघडून बघितलं. आवाज काढणारा आतला कागद पाण्यानं कुजून गेला होता. वर्षभर रोज सकाळी देवांच्या आंघोळीचं पाणी आत झिरपत होतं.

गोजराबाई भिंतीला टेकून खाली बसली. वर्षभर तिनं त्यांच्याच आवाजावर पाणी ओतलं होतं. तेही भक्तीनं.

बहिरू म्हणाला, “झाली का पाच मिनिटं?” पण तो गेला नाही.

शैलेश रिमोट हातात घेऊन विचार करत होता. मग त्यानं एक बटण दाबलं. हैबतराव पडद्यावरून गेले आणि निळ्या पाटीवर इंग्रजी अक्षरं आली. तो एकेक ओळ खाली जात होता. एका जागी थांबला. तिथं तीन शब्द होते, एकाखाली एक, मधल्यावर पिवळा पट्टा. ऑफ, रॉ, पीसीएम, त्यानं वाचून दाखवलं.

म्हणाला, मशीननं त्या बारीक काळ्या वायरीतून खोक्याला आवाज कसा द्यायचा, ते इथं ठरतं. वरच्या शब्दावर ठेवून बघितलं तर सगळंच बंद झालं, सनईसुद्धा. गौतमी घाबरली, मशीन गेलं की काय. नाही वहिनी, गेलं नाही, म्हणत तो परत मागं आला.

गोजराबाईनं विचारलं, “आन त्या मधल्याचा अर्थ काय?”

तो तिच्याजवळ उकिडवा बसला. डिस्कमध्ये आवाज गाठोडं बांधून ठेवल्यासारखा असतो, आजी. आता हे ‘रॉ’वर आहे. म्हणजे मशीन गाठोडं सोडत नाही, जसंच्या तसं खोक्याला देतं. खोका ते सोडतो आणि ज्याचा वाटा त्याला देतो. डाव्याचा डाव्याला, उजव्याचा उजव्याला, मधल्याचा मधल्याला. मधला जागेवर नाही हे त्याला माहीत नाही. तो आपला देत राहतो, आणि तो वाटा वाया जातो.

“म्हंजे हितं बी कुशाबाच बसलाय,” गोजराबाई म्हणाली.

निरंजनला हसू आलं. बहिरूनं मान फिरवली.

“आन तिसरं?”

तिसऱ्यावर ठेवलं तर मशीन स्वतःच गाठोडं सोडतं, शैलेश म्हणाला. पाच वाटे करत नाही. सगळं एकत्र करून दोघांत घालतं. मजा कमी येते, चारी बाजूंनी वाजत नाही, म्हणून कुणी ठेवत नाहीत.

“ठेव,” ती म्हणाली. “दोघांतच घाल.”

शैलेशनं पिवळा पट्टा एक घर खाली आणला. निळी पाटी गेली. सनई आली, पंगत आली. हैबतरावांनी माईक तोंडाशी नेला, फुंकर मारली, आणि ती फुंकर खोलीत ऐकू आली.

गोजराबाईचा हात जमिनीवर घट्ट टेकला.

जरा घोगरा, खाकरत बोलायचा तोच आवाज. हैबतराव म्हणाले, मंडळी आली, लई बरं वाटलं. वरचं वावर गेलं, त्याचं हे घर झालं. वाईट वाटतं, पण घर बी लागतंच. राहिलेल्याचं पोरं बघतील. मग ते थांबले, पंगतीकडं कुणाला तरी शोधल्यासारखं बघितलं, आणि म्हणाले, “विहिरीचं वावर त्येवढं गोजराचं. तिनं तितं दगड वाह्यलेत. त्याचं ती म्हणंल तसं करा. आता जेवा, पोळ्या निवत्यात.”

मांडवामागनं बायका हसल्याचा आवाज आला. हैबतरावांनी हात जोडले आणि खाली बसले.

मग बहिरूच बोलला, सावकाश. “इकू नका आसं न्हाई म्हणाले, आये.”

आणि ते खरं होतं. त्यानं खोटं ऐकलं नव्हतं, आणि तिनंही सगळं मनचं घातलं नव्हतं. तिनं निरंजनला परत लावायला सांगितलं. परत तेच. ती म्हणंल तसं करा. तिसऱ्यांदा लावलं असतं तरी तेच आलं असतं. चार दिवस ती ज्या आवाजासाठी जीव टाकत होती, तो आला आणि तिच्याकडं बोट दाखवून खाली बसला. आता ‘ह्यांनी सांगितलंय’ म्हणायची सोय उरली नव्हती. हैबतरावांना बायकोची ती सवय पहिल्यापासून ठाऊक होती, आणि त्या दिवशी मांडवात त्यांनी ती जाणूनबुजून मोडून ठेवली होती की काय, देव जाणे.

सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. असं तिच्याकडं कुणी पूर्वी बघितलं नव्हतं. तिला वाटलं उठून चुलीपाशी जावं, पण हे निरंजनचं घर, चूल गौतमीची.

“मी न्हाई देत अंगठा,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तो तिला स्वतःलाच परका वाटला.

“का पण?”

तिला कारण सांगता येईना. मेथीचं सांगावं तर हसतील, दगडांचं हैबतराव सांगून गेले होते. ती म्हणाली, “का त्ये मला बी नीट ठावं न्हाई, बहिरू. मला इचारलं, मी सांगितलं.”

बहिरूनं एकदा बंद पडलेल्या स्पीकरकडं बघितलं, एकदा आईकडं, आणि तो जिना उतरला. खाली ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ जागेवरच धडधडत राहिला.

शैलेश उठला. जाताना त्यानं निरंजनला विचारलं, सेटिंग परत ‘रॉ’वर नेऊन ठेवू का. निरंजननं आईकडं बघितलं. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे तसंच.”

तो कुजका स्पीकर तिनं परत खाली नेला. गौतमी म्हणाली, नवा पाट आणू, आत्याबाई. ती नको म्हणाली. पण त्या दिवसापासून देवांना आंघोळ घालायची तर ती ताटात घ्यायला लागली, आणि कोरडे पुसून मगच देव त्यावर ठेवायची.

गुरुवारी बहिरूच्या घरी तिला जेवायला हाक आली ती नातवाच्या तोंडून. ताट वाढलेलं होतं, बहिरू घरात नव्हता. शुक्रवारी सकाळी दारात जीप उभी राहिली. बहिरू इस्त्रीचा सदरा घालून पुढं बसला आणि त्यानं दोनदा हॉर्न दिला. गोजराबाईनं खुरपं आणि पाटी घेतली आणि मागच्या दारानं वावरात गेली. खुरपं दोनदा मेथीच्या मुळाशीच बसलं. जीप बराच वेळ उभी होती. मग गेली की परत आत लागली, हे तिला तिथून दिसलं नाही, आणि तिनं वळून बघितलंही नाही.

दुपारी बांधावरच्या रस्त्यानं ट्रॅक्टर आला. लांबूनच कळलं, कारण बहिरूच्या मडगार्डावरचे दोन स्पीकर शिवारभर ऐकू यायचे. ती वाफ्यात तशीच बसून राहिली. ट्रॅक्टर विहिरीच्या कोपऱ्याशी आला आणि गाणं बंद झालं. बहिरूनं इकडं बघितलं नाही. नुसत्या इंजिनाच्या आवाजात तो पूर्ण अकरा गुंठ्यांच्या कडेनं गेला, आणि ओढ्याच्या पलीकडं गेल्यावर गाणं परत सुरू झालं.

हे त्यानं रागानं केलं की मानानं, ते गोजराबाईला कळलं नाही. विचारायला कुणी नव्हतं. तिनं पाटीतली मेथी निवडून जुड्या बांधायला घेतल्या, आणि बहिरूच्या घरासाठी एक वरनं बांधली.